सहावी खुर्ची

पत्र आलं तेव्हा लकडगंजात वीज नव्हती.
आरा निम्म्या ओंडक्यात दात रुतवून थांबला होता.
मी मोठ्यानं वाचलं, मराठी करत करत, अडखळत:
समुद्रापलीकडच्या एका संग्रहालयात एक खोली आहे,
दोनशे वर्षांपूर्वीची, जशीच्या तशी.
खोलीत पाच खुर्च्या. सहावी हरवली.
ती आपण करायची. सोबत फोटो चार, मापं इंचांत.

केवळराम वाढईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.
आधी पाय पाहिले, बाहेर झुकलेले,
तलवारीच्या पात्यासारखे.
"हे पाय उभे नाही रायत, बाई,
आत्ता निंगतो म्हनतात."

"ही ग्रीसची तऱ्हा," मी म्हटलं.
"राज्य नवं होतं त्यांचं, आणि राजा नको होता.
म्हणून फार जुन्या, बिनराजाच्या एका गावची खुर्ची
त्यांनी घरी आणली, मडक्यावरच्या चित्रावरून.
भिंतीला लाकडी खांब,
खांबांवर संगमरवराचा रंग."

"म्हंजे सोंग."

"हो. पण मन लावून घेतलेलं."

यावर ते काही बोलले नाहीत. दरसाल मारबतीचा
सांगाडा बांधणाऱ्या माणसाला सोंगाचं वजन माहीत असतं.
खोलीत बसणारे सहा, एवढं पत्रात होतं.
भिंतीशी उभं कोण राहायचं, किती वेळ,
ते मापांत नव्हतं.

अडलं पानापाशी.
पाठीच्या पट्टीवर एक पान, कातरलेलं, काटेरी,
टोकाशी वळून स्वतःकडेच बघणारं.
"कोन्या झाडाचं?"
मी नाव सांगितलं. आपल्याकडे नाही ते.
त्यांच्याकडेही नव्हतं, म्हटलं,
तिथल्या सुतारांनी पुस्तकात बघून कोरलं.
"थे त्यांचं झालं. मले पान पायजे.
शीर कुठून फुटते, फोटोत दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी ओल्या दुपट्ट्यात काहीतरी गुंडाळून आणलं.
इतवारी स्टेशनापुढं, रुळांच्या कडेला उपटलेला
पिवळा धोतरा.
निळसर पान, पांढऱ्या शिरा, कडेकडेनं काटे,
तुटल्या जागी हळदीसारखा चीक.
चहाच्या ग्लासात तीन दिवस तो पटाशीशेजारी उभा होता
आणि केवळराम त्याच्याकडे बघत शिसम उकरत होते.

रात्री मी शोधलं.
हे तण मुळात अमेरिका खंडाकडचं.
कुठल्या गलबतातून, कुठल्या गोणीच्या शिवणीत
इकडे उतरलं, नक्की कुणालाच ठाऊक नाही.
सकाळी सांगितलं, तर पटाशी न थांबवता म्हणाले,
"मंग काय, घरी चाल्लं."

पत्राची शेवटची ओळ मी मुद्दाम मागे ठेवली होती:
झीज हवी. इतर पाचांइतकी.
रंधा, सँडपेपर, ॲसिड, उपाय सगळे करतात.
केवळरामांनी विचारलं, "बसते कोन तिथं?"
"कुणीच नाही. दारात दोरी बांधलेली असते.
लोक दोरीमागून बघतात."

त्यांनी खुर्ची उचलली आणि गिरणीच्या फाटकाशी,
निंबाच्या सावलीत ठेवली.

महिनाभर सगळे बसले.
ओंडके उतरवणारे हमाल, खांद्यावर भुसा तसाच,
आधी टेकून, मग मागं रेलून.
चहावाला सुगत, पाय समोरच्या दांडीवर.
तेंदूच्या ट्रकचा गोंदियाचा ड्रायव्हर
दुपारभर झोपला तिच्यावर, तोंड उघडं ठेवून.
पाऱ्याची बातमी रोज पेपरात होती;
घामानं हात काळे होतात,
तसे तिचे हात काळे झाले.
पुढची दांडी मध्यभागी किंचित खोलगट झाली.
बुटांनी नव्हे. बहुतेक टाचांनी.

जुलैत तणसात गुंडाळून ती पेटीत गेली.
पानाच्या एका शिरेत चिकाचा पिवळा डाग होता,
मी दाखवला. पुसायला त्यांनी फडकं घेतलं,
मग फडकं खांद्यावर टाकलं
आणि झाकणाला खिळे मारायला लागले.

मी काही तिच्यावर बसले नाही.
हिशेबाची वही होती हातात, आणि वेळ नव्हता.